आम्ही दोघे आणि ते चौघे



माणूस निवृत्त झाला की लोक त्याला दोन प्रश्न विचारतात. पेन्शन किती बसली? आणि वेळ कसा जातो? आम्हाला गेल्या काही वर्षांपासून तिसराही प्रश्न विचारतात : या वयात ही चार-चार कुत्री कशाला? विचारणारे वाईट भावनेने विचारत नाहीत. नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात, विहारात भेटणारे जुने सोबती विचारतात. सूनबाईही विचारते, पण ती चहाचा कप हातात देऊन विचारते. म्हणून या खेपेची सदराची जागा त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी ठेवली आहे.

प्रश्न आमच्या एकट्याचा नाही. आपल्या पुष्कळ घरांत आज हीच स्थिती आहे. मुले नोकरीधंद्यासाठी बाहेर, घरात म्हातारा-म्हातारी, आणि दाराशी भाकरीच्या तुकड्यासाठी आलेले जनावर हळूहळू घरातलेच होऊन बसलेले. एकाचे दोन होतात, दोनाचे चार होतात. जीव तर लागतो. पण जीव लागल्यावर पुढे काय, याचा विचार कोणी करत नाही. तो विचार या लेखात करायचा आहे.

आधी घराची ओळख. आम्ही रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून निवृत्त झालो. चाळीतल्या दहा बाय पंधराच्या खोलीत संसार केला, मुलांची शिक्षणे केली आणि फंडाच्या पैशात बदलापूरला दोन खोल्या, पुढे ओटा आणि हातभर अंगण घेतले. आमचे वय एकाहत्तर, सौ.चे सहासष्ट. मुलगा पनवेलला, मुलगी नागपूरला. आणि घरात चौघे : काळू तेरा वर्षांचा, राणी दहाची, भुरीला सातवे लागले आहे आणि बंड्या पाचाचा. चौघेही गावठी. एकही विकत आणलेला नाही. काळू पिल्लू असताना नाल्याच्या कडेला सापडला. राणीला कोणीतरी पट्ट्यासकट सोडून दिले होते. भुरी २०१९ च्या पुरानंतर आली. त्या वर्षी २६ जुलैच्या रात्री उल्हास नदीचे पाणी चढले, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, ते पुष्कळांना आठवत असेल. पाणी ओसरल्यावर चिखलातून एक ओंजळभर पिल्लू ओट्यावर चढले, ती भुरी. आणि बंड्या २०२१ च्या टाळेबंदीत आला, जेव्हा हॉटेले बंद होती आणि रस्त्यावरच्या जनावरांना उष्टे-खरकटेही मिळत नव्हते.

आता दिवस कसा जातो ते सांगतो.

सकाळी साडेपाचला उठावेच लागते. म्हातारे कुत्रे आणि म्हातारा माणूस यांचे एका बाबतीत सारखेच : लघवी थांबत नाही. काळूला दार उघडायला पाच मिनिटे उशीर झाला तर फरशी पुसावी लागते. आधी काळू आणि राणी, मग भुरी आणि बंड्या, अशा दोन फेऱ्या होतात. चौघांना एकदम नेत नाही. तरणा बंड्या पुढे ओढतो, काळू मागे रेंगाळतो, आणि मधल्यामध्ये आपला तोल जातो. या वयात रस्त्यावर पडलो तर मांडीचे हाड मोडायला वेळ लागत नाही, आणि मोडले की सगळ्या घराचे चाक थांबते. म्हणून दोन फेऱ्या. हातात जुने वर्तमानपत्र आणि पत्र्याचे सुपडे असते. आपल्या कुत्र्याची घाण आपण उचलायची. आपल्या घाणीचे काम दुसऱ्याने करावे, ही सवय या देशात कोणाच्या वाट्याला काय देऊन गेली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

स्वयंपाकात पाऊण किलो तांदूळ, पाव-अर्धा किलो कलेजी-पेटा, लाल भोपळ्याची फोड, चिमूटभर हळद. मीठ नाही, मसाला नाही. कांदा-लसूण तर मुळीच नाही, त्याने कुत्र्याचे रक्त कमी होते. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेटही विषासारखे. नातवंडे सुट्टीत आली की प्रेमाने चॉकलेट भरवायला जातात, त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. शिजवलेली हाडे घालू नयेत. शिजलेले हाड चिरफळ्या होऊन मोडते आणि आतडे फाडते. रविवारी मटण झाले की ताटातली हाडे कुत्र्याला, ही आपली जुनी रीत. ती सोडली पाहिजे.

चौघांच्या चार थाळ्या चार जागी. एका कुत्र्याचे काम चार पट केले की चार कुत्र्यांचे होते, असे कोणाला वाटेल. तसे नसते. चार कुत्र्यांचा एक स्वतंत्र संसार असतो. त्यात मान असतो, रुसवा असतो, थोरला-धाकटा असतो. काळू जोपर्यंत धडधाकट होता तोपर्यंत त्याने नुसते पाहिले तरी बाकीचे मागे सरत. आता त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, मागचे पाय धरतात. बंड्याला हे कळले आहे. तो काळूच्या थाळीकडे सरकतो आणि गुरगुरतो. अशा वेळी काळूची बाजू घेऊन बंड्याला मारण्यात अर्थ नाही. काळूची थाळी आतल्या खोलीत, दार लोटून. प्रश्न मिटला. आणि कुत्री भांडलीच तर मध्ये हात घालू नये. पाण्याची बादली ओतावी, पत्र्याचे ताट आपटावे. भांडणात कुत्रे मालकाचा हातही ओळखत नाही.

पण याच संसारात दुसरीही एक गोष्ट पाहायला मिळते. काळूला दिसेनासे झाल्यापासून राणी त्याच्या अर्धे पाऊल पुढे चालते. तिला कोणी शिकवले नाही. ती ओट्याच्या पायरीशी थांबते, काळूचे नाक तिच्या अंगाला लागते, मग तो पाय खाली टाकतो. सौ.चा मोतीबिंदू २०२२ मध्ये काढला, तेव्हा डोळ्यावर पट्टी असताना आम्ही तिला हात धरून न्हाणीपर्यंत नेत होतो. ती म्हणाली, "राणी तुमच्यापेक्षा हळू चालते." ऐकून घेतले.

अंध कुत्र्याच्या घरात खुर्ची-टेबल हलवू नये, त्याला घर पाठ असते. फरशी गुळगुळीत असेल तर गोणपाट अंथरावे, म्हणजे त्याचे पाय फाकत नाहीत आणि आपणही घसरत नाही. आमच्या घरात न्हाणीपासून ओट्यापर्यंत गोणपाटाची वाट आहे. काळूसाठी घातली, वापरतो सगळेच. रात्री शून्याचा दिवा चालू ठेवतो, कारण काळा कुत्रा अंधारात वाटेत झोपलेला दिसत नाही. गरम पाण्याचे भांडे उतरवताना स्वयंपाकाच्या जागेत एकही कुत्रा नको, हा सौ.चा नियम आहे आणि तो सर्वांना लागू आहे, आम्हालासुद्धा.

औषधांचा तक्ता भिंतीवर आहे. वरच्या ओळीत आमची रक्तदाबाची गोळी, त्याखाली सौ.ची साखरेची, त्याखाली काळूची. तक्ता एक, पण डबे वेगळे. माणसाची वेदनाशामक गोळी कुत्र्याला देऊ नये. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारखी आपल्या घराघरांत असलेली गोळी कुत्र्याचे यकृत, पोट, मूत्रपिंड बिघडवू शकते. "माझा गुडघा दुखतो, त्याचाही दुखत असेल, अर्धी देऊ या," हा विचार प्रेमाचा आहे, पण जीवघेणा आहे.

आता पैशाचे. ज्याच्या घरी पगार नाही, पेन्शन आहे, त्याने हिशेब उघडपणे मांडावा. आमच्या वहीत चौघांच्या नावावर महिन्याला चार हजारांच्या आसपास खर्च पडतो. त्यात तांदूळ, कलेजी, लसी, गोचिडीचे औषध आणि काळूच्या गोळ्या आल्या. विडी-तंबाखू सुटली, मोबाइलचा महागाचा रिचार्ज घेतला नाही, तेव्हा हे बसते. ज्या महिन्यात एखादा आजारी पडतो त्या महिन्यात बसत नाही. म्हणून रोज दहा रुपये डब्यात टाकतो. वर्षाचे साडेतीन हजार होतात. डबा कुत्र्यांचा आहे. लग्नाचा आहेर त्यातून द्यायचा नाही, हे ठरलेले.

खर्च वाचवण्याचा खरा मार्ग म्हणजे वेळेवर लस आणि नसबंदी. मादीला वर्षातून साधारण दोनदा माज येतो. सुमारे त्रेसष्ट दिवसांनी पिल्ले होतात, एका वेळी पाच-सहा. हिशेब तुम्हीच करा. शिवाय नसबंदी न केलेल्या म्हाताऱ्या मादीच्या गर्भाशयात पू होऊ शकतो आणि ती दगावू शकते. राणी आणि भुरी दोघींची शस्त्रक्रिया झाली आहे, बंड्याचीही झाली. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम स्वस्तात होते. मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो : परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय १८८३ पासून आहे. वर्कशॉपमध्ये असताना येता-जाता आम्ही तिथे बघायचो. कोणी गिरणी कामगार खांद्यावर बकरी घेऊन, कोणी टॅक्सीवाला टॉवेलात कुत्रे गुंडाळून रांगेत उभा असायचा. गरिबाने जनावर पाळू नये, असे म्हणणाऱ्यांनी ती रांग पाहावी.

रेबीजची लस दर वर्षी, यात सवलत नाही. घरातले असो की रस्त्यावरचे, कुत्रे चावले किंवा नख लागून रक्त आले तर पहिले काम : जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. पंधरा म्हणजे पंधरा, घड्याळ लावून. चुना, मिरची, तंबाखू, तेल काही लावायचे नाही. मग लगेच सरकारी दवाखाना. रक्त आलेल्या जखमेला लसीबरोबर जखमेत देण्याचे वेगळे इंजेक्शनही लागते, ते विचारून घ्यावे. डॉक्टर ज्या तारखा लिहून देतील त्या सगळ्या पाळाव्यात. दोन इंजेक्शनांनंतर बरे वाटले म्हणून थांबू नये. आपल्या जुन्या माणसांच्या मनात पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून आहे, म्हणून ती दवाखान्यात जायचे टाळतात. ती लस भारतात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात किंवा कातडीत सुई देतात, आणि चौदा नसतात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. हे वाक्य घरातल्या लहान मुलांनाही पाठ असावे.

आता शेजाऱ्यांचे. त्यांची तक्रार असते आणि पुष्कळदा ती बरोबर असते. रात्री भुंकणे हा त्रास आहे. ज्या मुलाला कुत्र्याची भीती वाटते त्याची भीती खरी आहे, "काही करत नाही हो तो" म्हणून ती जात नाही. आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा दहावीला होता, त्या वर्षभर आम्ही चौघांना रात्री दहानंतर ओट्यावर ठेवले नाही, आतल्या खोलीत घेतले. त्या वहिनींनी पुढे आमच्यासाठी काय केले ते खाली येईल. भटक्या कुत्र्यांचा वाद तर देशभर पेटला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने तो बदलला : नसबंदी आणि लस करून कुत्री होती तिथे परत सोडावीत, रेबीजची किंवा अंगावर येणारी मात्र सोडू नयेत, आणि खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्याव्यात. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून ती हलवण्याचा आणि तिथे परत न सोडण्याचा आदेश झाला. मोठी भांडणे न्यायालयात चालतात. आपल्या दारातले भांडण पट्टा, लस आणि सुपडे यांनी बरेचसे मिटते.

एक बोलणे मात्र आम्हाला लागले होते. नात्यातले एक वडीलधारे गृहस्थ जेवायला आले होते. काळूला भात घालताना पाहून म्हणाले, "कुत्र्या-मांजरांना तळ्याचे पाणी चालत होते, माणसाला चालत नव्हते. आणि तुम्ही कुत्री पोसता?" बोलण्यात जुनी जखम होती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत का घ्यावे लागले, हे आपण विसरू शकत नाही. आम्ही त्यांना एवढेच म्हणालो की, दादा, पाणी नाकारले ते माणसांनी. कुत्रा पाणी पीत होता, तो कोणाला अडवत नव्हता. आणि कुत्र्याने कधी कोणाच्या दारात जात विचारून शेपूट हलवली नाही. मग राजगृहातला १९३४ च्या फेब्रुवारीतला फोटो दाखवला. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, आणि त्यांच्याबरोबर टॉबी नावाचा बाबासाहेबांचा लाडका कुत्रा. हा फोटो आपल्या शेकडो घरांत आहे, पण टॉबीकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. दादांनी चष्मा पुसून तो बराच वेळ पाहिला. जाताना काळूच्या डोक्यावर हात ठेवला नाही, पण त्याला ओलांडूनही गेले नाहीत. वळसा घालून गेले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या वयात चार कुत्री कशाला, या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे, तो कोणी तोंडाने विचारत नाही : आधी कोण जाणार? तुम्ही की ती?

दोन्ही शक्यता घरात रोज आमच्याबरोबर जेवायला बसलेल्या असतात. बंड्या पाच वर्षांचा आहे. गावठी कुत्रे नीट सांभाळले तर बारा-चौदा वर्षे जगते. म्हणजे बंड्या म्हातारा होईल तेव्हा आम्ही ऐंशीच्या घरात असू, असलो तर. हे गणित कागदावर मांडले आणि त्या दिवशी ठरवले की, पाचवा नाही.

ठरवणे सोपे, पाळणे अवघड. मागच्या पावसाळ्यात सकाळी फाटकाशी एक खोके होते. आत दोन पिल्ले, डोळे नुकते उघडलेले. कोणीतरी विचार केला असेल, या घरात चार आहेत, तिथे सहा होतील. सौ.ने खोके आत घेतले आणि दूध कोमट करायला ठेवले. आम्ही म्हणालो, ठेवायची नाहीत. ती म्हणाली, "मग मला सांगू नका, त्यांना सांगा." दोन दिवस घरात बोलणे बंद होते. तिसऱ्या दिवशी तीच वही घेऊन आली आणि आमच्या दोघांची वये, चौघांची वये आणि डब्यातले पैसे तिने एकाखाली एक लिहून काढले. मग म्हणाली, "मोठी करून देऊ." सात आठवडे सांभाळली, जंताचे औषध दिले, पहिली लस टोचली. रेल्वे पुलाखालच्या रिक्षा स्टँडवर, वाण्याच्या दुकानात, विहारात सगळीकडे विचारले. एक पिल्लू रिक्षावाल्याच्या घरी गेले, एक पोल्ट्रीवर. दोन्हीकडे आधी आम्ही स्वतः जाऊन घर पाहून आलो, नसबंदीचे वचन घेतले. रिक्षावाल्याची मुलगी पिल्लू उराशी धरून निघाली तेव्हा सौ. आत निघून गेली. नाही म्हणणे म्हणजे दया नसणे नव्हे. ज्याला चौदा वर्षे निभावता येणार नाही त्याने चौदा वर्षांचा शब्द देऊ नये.

आणि जे चौघे आहेत त्यांचे काय? त्यांना तर शब्द दिलेला आहे. गेल्या वर्षी आमचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. आठ दिवस आम्ही रुग्णालयात, सौ. दिवसभर आमच्यापाशी. त्या आठ दिवसांत शेजारच्या वहिनी, ज्यांच्या मुलाच्या दहावीसाठी आम्ही दार लावून घेत होतो, त्यांनी चौघांचा भात शिजवला आणि त्या मुलाने दोन्ही फेऱ्या मारल्या. तक्ता भिंतीवर होता म्हणून काळूची एक गोळी चुकली नाही. आठ दिवसांचे निभले. पण कायमचे?

म्हणून मुलगा-सून, मुलगी-जावई दिवाळीच्या सुट्टीत आले तेव्हा विषय काढला. मुलगा म्हणाला, "बाबा, आताच कशाला हे?" मृत्यूचे बोलणे आपल्या घरांत अशुभ मानत नाहीत असे आपण म्हणतो, पण विषय निघाला की सगळे टीव्हीकडे पाहतात. सूनबाईनेच टीव्ही बंद केला. तिने स्पष्ट सांगितले की, तिच्या दोन खोल्यांत एकच कुत्रा राहू शकतो, आणि तो भुरी, कारण भुरीला लहान मुलांची सवय आहे. आम्हाला तिचे बोलणे आवडले. "बघू, करू काहीतरी" यापेक्षा "एकच, आणि हा" हे उत्तर खरे असते. बंड्याला शेजारच्या मुलाने मागून घेतले, त्याच्या आईसमोर. राणीसाठी मुलीने नाव दिले, पण नागपूरपर्यंतच्या प्रवासाची जबाबदारी जावयाने घेतली, हेही लिहून ठेवले. काळूचे नाव कोणी घेतले नाही, आणि का घेतले नाही हे सगळ्यांना माहीत होते.

हे सारे एका कागदावर आहे. वर चौघांची नावे, वये, फोटो. कोणाला काय चालते, काय चालत नाही. लसीची कार्डे त्याला टाचलेली. कोण कुठे जाणार आणि त्यांचे फोन. पोस्टात एक छोटे खाते आहे, त्यातले पैसे कुत्र्यांसाठी, हेही त्यात आहे. हा काही कोर्टाचा दस्तऐवज नव्हे. पण चार माणसांसमोर सही केलेला कागद आहे, आणि आपल्या माणसांना सहीची किंमत कळते.

उरला काळू. त्याची मूत्रपिंडे थकली आहेत. पाणी खूप पितो, खाणे कमी झाले आहे. डॉक्टरांनी गोळ्या, पथ्य आणि अधूनमधून सलाईन चालू ठेवले आहे. मागच्या भेटीत त्यांनी हळू आवाजात सांगितले की, पुढे त्रास फार वाढला तर शांतपणे झोपवण्याचे इंजेक्शन असते, विचार करून ठेवा. सौ. म्हणते, रोज पंचशील घेताना पहिले शील काय म्हणतो आपण? मग आपल्या हाताने कसे? आम्ही म्हणतो, जो तडफडतो आहे त्याला तडफडत ठेवणे हे तरी कोणत्या शिलात बसते? या बाबतीत आमचे दोघांचे एकमत झालेले नाही, आणि ते झाल्याचे सोंग आम्ही करत नाही. एका गोष्टीवर मात्र एकमत आहे. रोज रात्री वहीत तीन खुणा करायच्या : आज तो स्वतः जेवला का, स्वतः उठून बाहेर गेला का, हाक मारल्यावर शेपूट हलवली का. जोवर तीनपैकी दोन खुणा होत आहेत तोवर दुसरा विषय नाही. ज्या दिवशी एकही होणार नाही त्या दिवशी डॉक्टरांना घरी बोलवायचे, वेदना थांबवण्यासाठी जे करता येईल ते आधी करायचे, आणि पुढचा निर्णय दोघांनी त्याच्याजवळ बसून घ्यायचा. परक्या टेबलावर, परक्या वासात त्याला एकटे सोडायचे नाही. काल रात्री तिन्ही खुणा झाल्या.

तर या वयात चार कुत्री कशाला? आम्ही मुद्दाम आणली नाहीत, ती आली, हे एक उत्तर. त्यांच्यामुळे साडेपाचला उठतो, चालतो, दोन माणसांशी बोलतो, आणि गुडघा दुखतो म्हणून पडून राहायची सोय राहत नाही, हे दुसरे. पण ज्यांना आमचे पाहून कुत्रे आणावेसे वाटत असेल त्या आमच्या वयाच्या वाचकांना सांगणे वेगळे आहे. पिल्लू आणू नका. दारातल्या म्हाताऱ्या कुत्र्याला ओट्यावर जागा द्या. त्याला थोडे लागते, आणि त्याची वर्षे तुमच्या वर्षांत बसतात.

आणि ज्यांच्या घरी कुत्री आधीच आहेत, त्यांनी या रविवारी एवढे करावे. एक कागद घ्यावा. त्यावर प्रत्येकाचे नाव, वय, शेवटच्या लसीची तारीख लिहावी. समोर लिहावे : आमच्या मागे कोणाकडे. ती जागा कोरी राहिली तर कागद फाडू नये. मुलाला, मुलीला, शेजाऱ्याला दाखवावा आणि कोरी जागा बोटाने दाखवून विचारावे. "बघू" असे उत्तर आले तर पुढच्या रविवारी पुन्हा विचारावे.